आमच्या वन्संचे तिरके स्कोन

आधीच सांगून ठेवते, मला राग लवकर येतो. आमचे हे म्हणतात, तुझ्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेलाच असतो, फक्त हाक मारायची खोटी. असू दे. पण ही हकिगत ऐकून ज्याचं डोकं तापणार नाही, त्याच्या डोक्यात आहे तरी काय, ते एकदा उघडून बघायला हवं.

हकिगत माझ्या नणंदेची. ह्यांची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. नणंद-भावजय म्हटलं की लोक लगेच कान टवकारतात, आता काहीतरी चटकदार ऐकायला मिळणार म्हणून. त्यांची निराशा होणार आहे. एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी सव्वीस वर्षं वावरतोय आणि भांडण झालं ते एकदाच, ओलं फडकं ओट्यावर तसंच टाकण्यावरून. चूक माझी होती. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

वन्संनी लग्न केलं नाही. का, असं विचारणारे पुष्कळ होते. उत्तर एकालाही मिळालं नाही. शर्टांच्या कारखान्यात त्या कॉलर शिवायच्या. एकोणतीस वर्षं फक्त कॉलर. बाह्या दुसरीकडे, बटणं तिसरीकडे. कारखाना बंद पडला तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या. घरी बसल्या आणि पहिल्याच आठवड्यात घरातल्या सगळ्या उशांचे अभ्रे उसवून पुन्हा शिवून काढले. दुसऱ्या आठवड्यात त्यांची नजर पडद्यांकडे वळली, तेव्हा हे घाबरले आणि कुठून तरी एक जुना ओव्हन घेऊन आले. म्हणाले, "ताई, यात काहीतरी कर, पण पडदे सोड."

त्या ओव्हनच्या खोक्यात, तळाशी, एक तेलकट पुस्तिका होती. पंधरा-सोळा पानं. केळ्याचा ब्रेड, मफिन, आणि स्कोन, म्हणजे पाव आणि बिस्किट यांच्या मधला जाडसर गोल प्रकार. यीस्ट नाही, पीठ फुगायची वाट बघत बसणं नाही, बेकिंग पावडरवर झटपट होणारे प्रकार. वन्संनी ती पुस्तिका वाचली आणि कामाला लागल्या. पुस्तिकेवरून शिकल्या, हे मी मुद्दाम सांगतेय. कुणाच्या आजीकडून नाही. आमच्या आजेसासूबाईंनी उभ्या जन्मात ओव्हन पाहिला नव्हता.

लगेच जमलं असंही नाही. पहिले चार महिने आम्ही जे खाल्लं ते आमच्या दातांनाच ठाऊक. एक स्कोन ह्यांनी बाल्कनीच्या दाराला अडसर म्हणून लावला होता, आणि दार हललं नाही. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी तो अडसर उचलला, सुरीनं मधोमध चिरला, आत बघितलं आणि म्हणाल्या, "मी याला फार मळलं."

तिथून त्यांना वाट सापडली. या प्रकारांत हात जितका कमी लागेल तितकं बरं, हे त्यांच्या ध्यानात आलं. मफिनचं पीठ बारा वेळा ढवळायचं, गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या. मी एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून गुठळ्या मोडून दिल्या, तर तो घाणा रबरासारखा झाला आणि दोन दिवस माझ्याकडे नुसतं बघितलं जात होतं. स्कोनसाठी लोणी थंडगार हवं. ते बोटांच्या टोकांनी पिठात चोळायचं, तळव्याची ऊब लागू द्यायची नाही. मग लिंबू पिळलेलं दूध, सुरीनंच कालवणं, दोन बोटं जाडीचं थापणं. आणि गोल कापायचा कटर सरळ खाली दाबून सरळ वर उचलायचा. फिरवायचा नाही. फिरवला की कडेचे थर दाबून बंद होतात आणि स्कोन ओव्हनमध्ये एका अंगाला कलतो. वन्संचे स्कोन तेव्हा असे उभे राहायचे की फुटपट्टी लावून घ्यावी. एकोणतीस वर्षं कॉलर शिवलेला हात तो.

चौकातल्या कॉफीच्या दुकानात त्यांनी एक दिवस नमुना नेला. दुकानदाराला मी गोडबोल्या म्हणते. तिशीतला, दाढी कोरलेली, बोलायला लागला की समोरच्याला वाटावं आपण याच्या सख्ख्या नात्यातले. त्यानं एक घास खाल्ला आणि म्हणाला, "मावशी, आजपासून तुम्ही माझ्या."

मावशी! आणि या मावशीला येण्या-जाण्याला दार कुठलं, तर मागचं. "मावशी, पुढून ट्रे घेऊन आलात की गिऱ्हाइकांना जरा कसंतरी वाटतं," असं त्यानं हसत हसत सांगितलं. दुकानामागे बोळ, बोळात कचऱ्याचे डबे, आणि वर चढायला चार पायऱ्या. तिसऱ्या पायरीची फरशी सुटलेली. कप विसळलेलं पाणी त्याच पायऱ्यांवरून वाहायचं. वन्संनी त्या फरशीबद्दल त्याला एकदा नाही, तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, "झालंच म्हणून समजा, मावशी." मी एकदा सोबत गेले होते, तेव्हा मीही सांगितलं, जरा मोठ्यानं. मलाही तेच उत्तर मिळालं.

तीन वर्षं त्या पायऱ्या चढल्या. चौथ्या वर्षी एका सकाळी फरशी सरकली आणि वन्सं पडल्या. ट्रे त्यांनी सोडला नाही. डाव्या हातानं तो वर धरून ठेवला, आणि सगळं अंग उजव्या मनगटावर आलं. आवाज ऐकून गोडबोल्या धावत आला. काय विचारलं असेल त्यानं? सांगा बघू. "किती वाचले?"

बावीस वाचले होते. वन्संनी मोजून सांगितले. मला हे त्यांनीच सांगितलं, तेही असं, की बघ कशी मी ट्रे सोडला नाही! मी तेव्हाच त्याच्या दुकानात जाऊन त्याची दाढी उपटणार होते. ह्यांनी मला धरून ठेवलं, मी ऐकलं, आणि ती माझ्या आयुष्यातली दुसरी चूक.

हात प्लास्टरमध्ये. गोडबोल्या रोज फोन करायचा. "मावशी, घाई नाही हं. पण गिऱ्हाईक विचारतंय. दुसरं कुणी बघू का थोडे दिवस?" थोडे दिवस! त्याचा अर्थ वन्संना बरोबर कळला. डॉक्टरांच्या हातापाया पडून त्यांनी दहा दिवस आधीच प्लास्टर काढून घेतलं. डॉक्टर म्हणाले, हाड अजून कच्चं आहे, वाकडं बसेल. तसंच बसलं. तेव्हापासून त्यांचं मनगट शेवटपर्यंत सरळ जात नाही. कटर खाली दाबला, की अगदी तळाशी गेल्यावर हात आपोआप करंगळीकडे वळतो. त्यांनी कितीही ठरवलं तरी वळतो.

पहिला घाणा ओव्हनमधून निघाला तेव्हा सगळेच्या सगळे स्कोन डावीकडे कललेले. चोवीस स्कोन, एकाच बाजूला, जणू खिडकीतून कुणीतरी हाक मारली होती. वन्सं खुर्चीत बसल्या आणि रडल्या. कारखाना बंद पडला तेव्हा रडल्या नव्हत्या, हात मोडला तेव्हा रडल्या नव्हत्या. म्हणाल्या, "हे मी नेऊ शकत नाही. हे माझं काम नाही." मी म्हटलं, "न्या हो, खाणारे तोंडानं खातात, फुटपट्टीनं नाही." आणि झालं काय, तर ते लोकांना जास्त आवडले! कललेल्या बाजूला थर उकलायचे, हातानं सहज दोन भाग व्हायचे, सुरी लागायची नाही. लोक "ते तिरके द्या" म्हणून मागायला लागले.

इथपर्यंत ठीक. मी म्हणत होते, चला, वाईटातून काहीतरी चांगलं निघालं. मला काय माहीत, चांगलं निघालं की ते उचलायला कोण टपलेलं असतं!

सहा महिन्यांनी दुकानावर नवी पाटी लागली. "आजीचे तिरके स्कोन." आत भिंतीवर एका म्हातारीचा फोटो, चष्मा लावलेली, प्रेमळ. आणि खोक्यावर मजकूर. तो मला पाठ आहे, कारण मी रागारागानं तो इतक्यांदा वाचलाय. "आमच्या आजीचा हात म्हातारपणी थरथरायचा, म्हणून तिचे स्कोन कलंडायचे. त्या थरथरत्या हातांची माया आजही प्रत्येक घासात."

माया म्हणे! मी सरळ काउंटरवर गेले. विचारलं, "ही कोण आजी?"

"आपलीच म्हणायची, काकू," गोडबोल्या म्हणाला.

"आपली म्हणजे कुणाची? तुझ्या आईची आई की बापाची?"

तो हसला. आवाज बारीक करून म्हणाला, "खरं सांगू का, फोटो फ्रेमबरोबरच आला होता. लोकांना गोष्ट लागते हो. नुसता स्कोन कोण विकत घेतं?"

मी घरी येऊन हे सगळं वन्संपुढे ओतलं. वाटलं, आता तरी पेटतील. त्यांनी खोकं हातात घेतलं, मजकूर दोनदा वाचला. मग इतकंच म्हणाल्या, "थरथरत नाही गं माझा हात. वळतो."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः त्याच्याशी बोलल्या. पैसे वाढवून मागितले नाहीत. मागितलं ते एकच. खोक्यावर लिही, हे मी करते. मोठं नको, कोपऱ्यात लिही. एकोणतीस वर्षं ज्या कॉलरी शिवल्या त्यांच्यावर दुसऱ्याचा शिक्का होता, त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. पण हे पुस्तिका वाचून, पीठ नासवून, बोटं भाजून शिकलेलं काम होतं. ते आपलं आहे एवढं कुणीतरी म्हणावं, इतकीच त्यांची भूक होती. गोडबोल्या म्हणाला, "बघू, मावशी. पुढच्या छपाईला नक्की."

पुढची छपाई झाली. त्या पुढचीही झाली. आजीच्या गालावर आता गुलाबी रंग भरला होता, कोपरा रिकामाच होता.

मागणी इतकी वाढली की वन्सं आता दुकानाच्याच स्वयंपाकघरात जाऊन स्कोन करायच्या. मग एक दिवस तिथे टोपीवाला आला. कुठल्या तरी मोठ्या बेकरीत काम केलेला, चाळिशीचा, डोक्यावर उंच पांढरी टोपी. गोडबोल्या वन्संना म्हणाला, "मावशी, तुमच्या मदतीला. याला जरा दाखवा, तिरकं कसं करायचं."

आता मला सांगा, हे दाखवायचं कसं? माणूस सरळ हाताचा, शिकलेला, आयुष्यभर कटर सरळ दाबत आलेला. तो बिचारा वन्संना विचारायचा, "बाई, किती वळवायचं? कधी वळवायचं?" वन्सं म्हणायच्या, "मी वळवत नाही, वळतं." त्यानं मुद्दाम फिरवून बघितलं, तर एक स्कोन पूर्वेला बघतोय, एक पश्चिमेला, एक उताणा. ट्रेखाली लाकडाची पट्टी ठेवून बघितली, तर सगळे घसरून एका कोपऱ्यात चिकटले. वन्संनी त्याला महिनाभर मनापासून शिकवलं. मी म्हणायचे, "अहो, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय!" तर म्हणायच्या, "तो काय करणार गं, त्याला नोकरी आहे. आणि लोण्याला हात चांगला आहे त्याचा." यांच्या चांगुलपणाचा मला कधीकधी इतका राग येतो की काय सांगू.

शेवटी गोडबोल्यानं पत्र्याचे साचेच करून आणले. एका बाजूला कललेले साचे. वन्संच्या मनगटाचा कोन मोजून, पत्रा वाकवून. ज्या दिवशी साचे आले त्या दिवशी तो हात जोडून म्हणाला, "मावशी, खूप केलंत. आता आराम करा."

वन्सं घरी आल्या, ॲप्रन धुतला, वाळत घातला. मी दोन दिवस भांडी आपटली. त्यांनी चौथ्या दिवशी पीठ चाळायला घेतलं.

इस्पितळात बाह्यरुग्ण विभागाच्या प्रतीक्षाखोलीत चहाचा एक छोटा काउंटर आहे. तो चालवणारी बाई आमच्याच जिन्यात राहते. तिनं विचारलं, आणि वन्संचे स्कोन तिथे जायला लागले. रोज तीस. खोकं नाही, गोष्ट नाही, स्टीलच्या ताटलीत जाळीखाली. रांगेत तासन्‌तास बसलेली माणसं चहाबरोबर खायची. काउंटरवाली विचारणाऱ्यांना सांगायची, "आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई करतात." वन्संना हे कळलं त्या संध्याकाळी त्यांनी मला तीन वेळा विचारलं, "नक्की असंच म्हणते का ती?" मी तीन वेळा हो म्हटलं.

आणि मग रजिस्टर पोस्टानं पत्र आलं.

वकिलाचं. मी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. लिहिलं होतं, की एका बाजूला कललेला स्कोन ही सदर दुकानाची ओळख आहे, ती दुकानमालकांच्या आजीच्या परंपरेतून आलेली आहे. आपण त्याची नक्कल करून विक्री करीत आहात. सात दिवसांत असे तिरके स्कोन करणं बंद करावं, अन्यथा पुढील कारवाई. नक्कल! अहो, नक्कल! माणसाचा हात मोडायचा, तो मोडका हात पत्र्यात ओतून घ्यायचा, आणि वर त्या माणसालाच चोर म्हणायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चपला घालून निघाले, तर वन्संनी मला बसवलं. "थांब. मी करून बघते."

काय करून बघणार होत्या? सरळ. त्या बाईनं तीन दिवस सरळ स्कोन करायचा प्रयत्न केला. मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतेय. पहिल्या दिवशी डाव्या हातानं. डाव्या हातात जोर नाही, कटर अर्ध्यातच अडायचा, थापलेलं पीठ फाटायचं. दुसऱ्या दिवशी मनगटाला लाकडी पट्टी बांधली, घट्ट, वर फडकं. बारा स्कोन कापले आणि मनगट टम्म सुजलं. बाराही कललेले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "तू धर माझा हात वरून, आणि तूच दाब." मी धरला. त्यांच्या हातातलं ते हाड कुठे अडतं ते मला माझ्या तळव्याखाली लागलं. मी दाबला नाही. मला दाबवेना.

मी म्हटलं, "वन्सं, कटर जाऊ दे. सुरीनं चौकोनी कापा. चौकोन कसाही कापला तरी त्यांच्या आजीच्या बापाला नक्कल म्हणता येणार नाही."

त्यांनी सुरी घेतली. पिठावर टेकवली. मग सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळल्या. सव्वीस वर्षांत मी त्यांचा तो चेहरा पाहिला नव्हता.

"कापता येतील," त्या म्हणाल्या. "पण का म्हणून?"

हात धुतले, पत्र पर्समध्ये टाकलं, आणि निघाल्या. या वेळी चपला शोधत मी त्यांच्या मागे धावले.

दुकान भरलेलं होतं. सगळी टेबलं अडलेली, काउंटरपुढे सहा-सात माणसं, बहुतेकांच्या हातांत ती खोकी. गोडबोल्या गल्ल्यावर. वन्संना बघून त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी झालं, मग हसू आलं. "अरे, मावशी! या, या! किती दिवसांनी!"

वन्सं रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. काउंटरच्या काचेवर त्यांनी पत्र उलगडून ठेवलं. त्याच्या शेजारी आपला उजवा हात ठेवला, तळवा खाली. सूज उतरली नव्हती. हात करंगळीकडे वळलेला होता, तसाच.

"सात दिवस दिलेस ना," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण शर्टांच्या कारखान्यात शंभर शिलाई मशिनींवरून बोललेला गळा तो, दुकानभर पोचला. "तुझ्या मागच्या पायरीवर मोडलाय हा. हा सरळ करून दे. उद्या सकाळपासून सरळ करते."

"मावशी, आपण आत बसून बोलू ना..."

"आत नको. मला इथेच करून दे."

कॉफीच्या मशिनचा फुसफुसाट थांबला. टोपीवाला आतल्या दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली. रांगेत पुढे असलेल्या एका बाईनं हातातलं खोकं वर धरलं, त्यावरचा मजकूर वाचला, मग काचेवरच्या हाताकडे बघितलं.

"म्हणजे हे तुम्ही करायचात?" तिनं वन्संना विचारलं.

"हो," वन्सं म्हणाल्या. "मीच."

गोडबोल्या गल्ल्यातली नाणी सारखी करत होता. हात काचेवर तसाच होता. दुकानातला प्रत्येक जण त्या हाताकडे बघत होता, गोडबोल्या एकटा सोडून.